पाच तास आधी सुटलेली गाडी

आपल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी संपादकांनी माझ्याकडे दहा युक्त्या मागितल्या होत्या. "सर, आगगाडीची गणितं दहा सेकंदांत, असं काहीतरी द्या. जयपुरातल्या आपल्या मुलांना उपयोग होईल." मी हो म्हणालो आणि लिहायला बसलो. थोड्या युक्त्या लिहून झाल्या, आणि मग ज्या युक्तीमुळे माझं नाव झालं तिच्यापाशी पेन अडलं. तेव्हा युक्त्या देत नाही. एकाच गणिताबद्दल लिहितो. त्याचं उत्तर मी चुकीचं दिलं होतं, आणि चूक कळल्यावरही वर्षानुवर्षं तेच बरोबर म्हणून शिकवत राहिलो. ज्या बाईंचं उत्तर बरोबर होतं, त्यांना गणित जमत नाही असं आपल्या मंडळात अजून काही लोक समजतात. ते आज संपलं पाहिजे.

आधी माझा धंदा सांगतो. मी भुसावळचा. गणित शिकवायला म्हणून जयपुरात आलो, पुढे शाळेची नोकरी सोडली आणि खातीपुऱ्यात भरती परीक्षांचा क्लास काढला. रेल्वे, बँक, पोलीस, जी परीक्षा निघेल तिची तयारी. शेखावाटीच्या खेड्यांतून आलेली, चौघांत एक खोली करून राहणारी मुलं माझ्याकडे असत. मला 'ट्रेनवाले सर' म्हणत, कारण आगगाडीची गणितं ही माझी खासियत होती.

या गणितांत खरं म्हणजे एकच वाक्य असतं. अंतर म्हणजे वेग गुणिले वेळ. बाकी सगळा साज. गाडी खांब ओलांडते, पूल ओलांडते, नाव प्रवाहाविरुद्ध जाते, चोर पळतो आणि पोलीस मागे लागतो. या गणितांतला चोर कायम आधी निघतो आणि पोलीस कायम जास्त वेगानं धावतो. पोलीस भरतीची मुलं त्यावर मनापासून हसायची.

एकदा एक लोको पायलट आपल्या मुलीचं नाव घालायला आले. मी शिकवत होतो, ते दारात उभे राहून ऐकत होते. तास संपल्यावर म्हणाले, "मास्टरजी, आपकी गाड़ी लाल सिग्नल पर कभी रुकती नहीं?"

मी म्हटलं, "रुकेगी तो सवाल मुश्किल हो जाएगा."

"तो बच्चों को मुश्किल वाला ही सिखाओ. हम तो रोज़ वही चलाते हैं."

सगळ्यांबरोबर मीही हसलो. ते मात्र हसले नव्हते.

सोपं करण्यात माझी हातोटी होती, हे आजही थोड्या अभिमानानं सांगतो. परीक्षेत एका प्रश्नाला मिनिटभरसुद्धा मिळत नाही. खाली चार पर्याय दिलेले असतात. अशा वेळी 'माना कि x' असं लिहून समीकरण मांडत बसणारा मुलगा मागे पडतो. म्हणून माझ्या वर्गात एक रीत होती. प्रश्न वाचून झाला की मी ओरडायचो, "पेन नीचे!" सगळ्यांनी पेन खाली ठेवायचं आणि उत्तर तोंडी सांगायचं. जो चोरून 'माना कि' लिहिताना सापडेल, त्यानं त्या दिवशी फळा पुसायचा. बीजगणित हा आमच्याकडे गुन्हा होता आणि फळा पुसणं ही शिक्षा.

माझी सगळ्यात गाजलेली युक्ती अशी. दोन गाड्या दोन स्टेशनांवरून एकमेकींच्या दिशेनं सुटतात आणि वाटेत भेटतात. भेटीनंतर पहिलीला समोरच्या स्टेशनावर पोहोचायला चार तास लागतात, दुसरीला नऊ. वेगांचं गुणोत्तर काय? चार आणि नऊ यांची वर्गमुळं घ्या, दोन आणि तीन. ती उलटी करा. तीनास दोन. संपलं. साठ मुलांच्या वर्गातून एकदम "तीन-दो!" असा आवाज उठला की खालच्या पानवाल्यालाही उत्तर कळायचं.

या वर्गात नलिनी गायकवाड आल्या. त्यांचे यजमान इथल्या लष्करी छावणीत हवालदार होते, मूळचे साताऱ्याकडचे. नलिनीताई बारावीपर्यंत गावातच मराठीतून शिकलेल्या. मग लग्न, दोन मुलं, यजमानांच्या बदल्या. तिशी ओलांडल्यावर त्यांनी रेल्वेच्या लिपिक परीक्षेला बसायचं ठरवलं होतं. वर्गात सगळ्यांत मोठ्या त्याच, त्यामुळे सगळे त्यांना दीदी म्हणत. हिंदी समजायच्या, पण गणित मराठीतच करायच्या. आणि पेन खाली ठेवायच्या नाहीत.

"सर, मांडल्याशिवाय मला दिसत नाही," असं पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या. फळा बहुतेक रोज त्याच पुसत.

मी दर काही महिन्यांनी एक चाचणी घेऊन निवडक तुकडी काढत असे. त्या तुकडीला रविवारी स्वतः शिकवायचो, आणि तिच्यातली बहुतेक मुलं कुठे ना कुठे लागत. नलिनीताईंच्या घरी एक करार झाला होता. तो गायकवाडांनीच मला मंडळाच्या हळदीकुंकवाच्या दिवशी, बायकांची वाट बघत बाहेर उभे असताना सांगितला. "निवडक तुकडीत आली तर दे म्हटलं परीक्षा. न्हाई आली, तर पोरांच्या अभ्यासाकडं बघ. बरोबर हाय का न्हाई, सर?"

मी म्हटलं, "रास्त आहे."

त्या चाचणीसाठी माझा तो गाजलेला प्रश्न जरा कठीण दिसावा म्हणून मी त्यात एक शेपूट जोडलं. पहिली गाडी दुसरीपेक्षा पाच तास आधी सुटते. बाकी सगळं तेच. भेटीनंतर चार तास आणि नऊ तास. मला वाटलं, भेटीनंतरच्या वेळा दिल्या आहेत, तर भेटीआधी काय झालं त्याच्याशी काय घेणं? मुलं बिचकतील, पण युक्ती तीच. उत्तर तीनास दोन. पर्यायही त्याच हिशेबानं घातले.

निकाल लावला. नलिनीताई एका गुणानं निवडक तुकडीबाहेर राहिल्या. त्यांनी या प्रश्नाचा एकही पर्याय निवडला नव्हता. समासात लिहिलं होतं, 'वेग समान'.

दुसऱ्या दिवशी वर्गात पेपर सोडवताना या प्रश्नाला सगळे "तीन-दो!" ओरडले. नलिनीताईंनी हात वर केला. "सर, दोन्ही गाड्यांचा वेग सारखा येतोय."

"आइए दीदी, दिखाइए," मी म्हणालो. गंमत म्हणूनच बोलावलं होतं.

त्यांनी खडू घेतला आणि मराठीत लिहिलं, 'समजा, दुसरी गाडी सुटल्यापासून भेटेपर्यंत क्ष तास'. मागच्या बाकावरून आवाज आला, "दीदी, ये क्षमा वाला क्ष है या क्षत्रिय वाला?"

वर्ग हसला. मराठी शाळेत अज्ञात संख्येला क्ष म्हणतात. भुसावळच्या नगरपालिकेच्या शाळेत मी स्वतः वर्षानुवर्षं क्ष काढला होता. एका वाक्यात त्या पोराला गप्प करता आलं असतं, की बाबा, हा आमचा एक्स आहे. पण मी जयपुरातला ट्रेनवाले सर होतो, आणि साठ मुलं हसत असताना मला भुसावळचा व्हायचं नव्हतं. त्या लिहीत राहिल्या. 'क्ष (क्ष + 5) = 36' इथपर्यंत आल्या, तेवढ्यात मी म्हणालो, "दीदी की गाड़ी पैसेंजर है. हर स्टेशन पर रुकेगी. बैठिए, बैठिए."

मोठा हशा झाला. त्यांनी खडू खोक्यात ठेवला, हात झटकले आणि जागेवर जाऊन बसल्या.

वर्ग रिकामा झाल्यावर मी डस्टर घेतला. समीकरण फळ्यावर तसंच होतं. सवयीनं डोक्यात पुढची ओळ आली. ज्यांचा गुणाकार छत्तीस आणि फरक पाच, अशा दोन संख्या म्हणजे नऊ आणि चार. क्ष बरोबर चार. मग मी त्यांची मांडणी पहिल्यापासून वाचली.

गणित न आवडणाऱ्यांनीही एवढं वाचावं अशी विनंती आहे. दुसरी गाडी भेटेपर्यंत क्ष तास धावली. तेवढंच अंतर पहिलीनं भेटीनंतर चार तासांत कापलं. म्हणून पहिलीचा वेग आणि दुसरीचा वेग यांचं गुणोत्तर क्षास चार. आता उलट बाजूनं बघा. पहिली पाच तास आधी सुटली, म्हणजे ती भेटेपर्यंत क्ष अधिक पाच तास धावली. ते अंतर दुसरीनं नऊ तासांत कापलं. म्हणजे तेच गुणोत्तर नवास क्ष अधिक पाच. दोन्ही सारखी मांडली की नलिनीताईंचं समीकरण येतं. त्यातून क्ष निघतो चार, आणि गुणोत्तर येतं चारास चार. वेग समान.

पडताळा बोटांवर घेता येतो. दोन्ही गाड्यांना पूर्ण प्रवासाला तेरा तास लागतात असं धरा. दुसरी सुटून चार तास झाले तेव्हा पहिलीचे नऊ झालेले, चार उरलेले. दुसरीचे चार झालेले, नऊ उरलेले. अगदी प्रश्नात दिल्याप्रमाणे. माझी युक्ती पहिल्या गाडीला दीडपट वेगवान ठरवत होती. ती वेगवान नव्हतीच. आधी निघाली होती, एवढंच.

माझी युक्ती दोन्ही गाड्या एकाच वेळी सुटल्या तरच चालते. हे मला पदवीच्या काळात ठाऊक होतं. 'पेन नीचे' करता करता विसरलो. समीकरण मांडणाऱ्याच्या हातून ही चूक झालीच नसती, कारण ते पाच तास त्याला कुठेतरी लिहावे लागले असते.

हे सगळं कळल्यावर मी फळा पुसला.

दुसऱ्या दिवशी नलिनीताई वर्ग भरण्याआधी आल्या. "सर, माझं कुठं चुकलं तेवढं सांगा. रागावलेबिगावले नाही मी. मला फक्त कळायला पाहिजे."

निकालाचा कागद दाराशी चिकटवलेला होता. तोच प्रश्न माझ्या पुस्तिकेत छापायला गेला होता. मी म्हणालो, "त्या पाच तासांत गोंधळ झालाय तुमचा. या वयात एवढं डोक्याला लावून घेऊ नका."

"बरं," त्या म्हणाल्या. आणि मग, "थँक्यू सर."

त्यानंतर त्या आल्या नाहीत. गणपतीत मंडळात गायकवाड भेटले. "सोडलं वो हिनं. म्हनली, माझं डोकं न्हाई त्यात." मी मान डोलावली आणि म्हणालो, "असतं एकेकाचं." आजूबाजूला चार माणसं होती. ट्रेनवाले सर स्वतः म्हणतात म्हटल्यावर विषय संपला. पुढे गायकवाडांची बदली झाली.

इतक्या वर्षांनी दिवाळी अंकासाठी लिहिताना पेन अडलं, तेव्हा मी आधी मुकेशला फोन केला. मुकेश माझा जुना विद्यार्थी. आता क्लास तोच चालवतो, पुस्तिकाही तोच छापतो.

"मुकेशजी, वह पाँच घंटे वाला सवाल ग़लत है. अगली बार छापो तो सुधारकर छापो."

"सरजी, पूरे शहर में आपके नाम से चलता है. बुढ़ापे में अपनी ही दुकान क्यों गिरा रहे हो?"

"ग़लत है तो गिरनी चाहिए."

"परीक्षा में ऐसा सवाल आता ही कहाँ है?"

"तो निकाल दो."

"निकालूँगा तो लोग पूछेंगे, क्यों निकाला."

त्या दिवशी फळ्यासमोर मीही नेमका हाच विचार केला होता. पोरगा माझ्याकडूनच शिकला होता. तेव्हाच ठरवलं, की आता माघार नाही.

मंडळातून कळलं की गायकवाड सुभेदार होऊन निवृत्त झाले आणि मुलाच्या नोकरीमुळे पुन्हा जयपुरात आले आहेत. शास्त्री नगरात राहतात. मी गेलो. दार गायकवाडांनीच उघडलं. चहा झाला, गुडघ्यांची चौकशी झाली. मी नलिनीताईंना म्हणालो, "एक गणित अर्धवट राहिलं होतं तुमचं. ते पुरं करायला आलोय."

गायकवाड हसले. "आवो सर, हिला कुठं गणितात वढता? दुधाचा हिशोबसुदिक मीच घालतो."

"तुम्ही जरा बसा," मी म्हणालो. आवाज जरा चढला असावा, कारण सुभेदार खरोखर बसले.

नलिनीताई म्हणाल्या, "नाही हो सर, आता काही येत नाही मला." मी कागदावर त्यांचंच समीकरण लिहिलं आणि पुढे सरकवलं. त्यांनी ते लगेच ओळखलं. चष्मा आणला. छत्तीसचे अवयव पाडताना दोनदा अडल्या. मी तोंड उघडलं नाही. सुभेदार काही बोलायला गेले, तर त्यांनीच हातानं थांबवलं. शेवटी चार आला. मग गुणोत्तर.

"बरोबर होतं माझं."

"हो."

"तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. तुम्ही गेल्यावर."

"मतलब, दुसऱ्या दिवशी मी विचारायला आले तेव्हा..."

"तेव्हा माहीत होतं."

सुभेदार एकदा माझ्याकडे, एकदा बायकोकडे बघत होते. "म्हंजे ही बरोबर हुती?" ते म्हणाले. "आन् मी इतकी वर्षं हिला..."

मी माफी मागायला सुरुवात केली. नलिनीताईंनी मध्येच तोडली. "थांबा सर. घरात येऊन हळूच सांगताय. हसले तेव्हा साठ जण होते. मी पोरांचा अभ्यास कधी घेतला नाही, माहीत आहे? भूगोल घ्यायचे, इतिहास घ्यायचे. गणित आलं की म्हणायचे, बाबांना विचार. स्वतःच्या पोरांना." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "अजून भरतो ना तो क्लास?"

"भरतो. मुकेश चालवतो."

"मग तिथं सांगा. मी येणार. रविवारी."

मुकेशला कळवलं तेव्हा तो म्हणाला, "सरजी, बच्चों के सामने?" मी म्हटलं, "उन्हीं के सामने." माझा आवाज ऐकून त्यानं वाद घातला नाही. मात्र एक अट घातली: पाच मिनिटांत आटपायचं.

रविवारी आम्ही तिघंही गेलो. जिना चढताना सुभेदारांनी बायकोची पिशवी धरली होती. वर्ग भरलेला होता. फळा आता पांढरा, खडूऐवजी मार्कर. मुकेशनं पुस्तिकेतला प्रश्न वाचला, आणि मुलांनी ठरल्याप्रमाणे "तीन-दो!" अशी आरोळी ठोकली.

मी उभा राहिलो. हिंदीत सांगितलं की हे उत्तर चूक आहे, ते माझंच आहे, आणि या दीदींनी याच खोलीत बरोबर उत्तर काढत असताना मी त्यांना हसून खाली बसवलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या विचारायला आल्या तेव्हा खोटं सांगितलं होतं. कुणी हसलं नाही. एक मुलगी पुस्तिकेचं पान उलटून बघू लागली.

नलिनीताईंनी मार्कर घेतला. वर लिहिलं, 'समजा'. मग क्ष. कुजबुज झाली. त्या वळल्या आणि मुलांना म्हणाल्या, "हमारे यहाँ एक्स को ऐसे लिखते हैं. आपको दिक्कत है तो आप एक्स लिखो, जवाब वही आएगा."

मध्ये एका चिन्हाची चूक झाली. पुढच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "दीदी, माइनस." त्यांनी बघितलं, बोटानं पुसलं, दुरुस्त केलं. मुकेशनं घड्याळ पाहिलं. मी जाऊन त्याच्या आणि फळ्याच्या मध्ये उभा राहिलो. पाच मिनिटं कधीच उलटून गेली होती. त्या एकेक ओळ लिहीत होत्या, प्रत्येक ओळ झाली की एक पाऊल मागे येऊन वाचत होत्या, आणि मगच पुढची लिहीत होत्या. मुलं पेनं घेऊन उतरवायला लागली.

उत्तर आलं. त्याखाली त्यांनी एक रेघ ओढली आणि माझ्याकडे वळल्या. "सर, बरोबर आहे?"

"बरोबर आहे," मी म्हणालो.

"हिंदीत सांगा. यांना कळलं पाहिजे."

मी वर्गाकडे तोंड केलं. शेवटच्या बाकापर्यंत पोहोचेल अशा आवाजात म्हणालो, "सही है. उस दिन भी सही था."